नागापुरातला निळा उजेड

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नगरला जाऊ नकोस, असं मला घरच्यादारच्या सगळ्यांनी सांगितलं होतं. सांगणारे सगळे कोल्हापूरचे, आणि कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगा नजरेआड झाली की पुढचं सगळं वाळवंटच वाटतं, म्हणून मी ऐकलं नाही. शिवाय मी काही हवापालटाला चालले नव्हते. भाड्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या गोधडीत गुंडाळलेली वेटोळ्यांची एक काचेची नळी होती आणि दौंडच्या पुढे रस्ता खराब लागल्यावर मी ती मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा पाहिलं. "बाळ लहान दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, "आठ वर्षांचं आहे."

खरंच आठ वर्षांचं होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली आठ वर्षं उरलेल्या वेळात प्रकाशाकडून कामं करून घ्यायचा उद्योग करते. प्रकाश म्हणजे क्ष-किरण वगैरे नाहीत, साधा डोळ्यांना दिसणारा. कारखान्यात जी क्रिया उष्णता आणि जहाल रसायनं वापरून घडवतात, तीच हवेतला ऑक्सिजन आणि निळा दिवा यांच्यावर भागवायची. मध्ये प्रकाश पकडून देणारा कुणीतरी लागतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. आमचा उत्प्रेरक बी-टू जीवनसत्त्वाच्या कुळातला, पिवळाधमक. झाडाचं पान जे सकाळी उठून बिनबोभाट करतं, त्याची ही आमची गरिबाघरची नक्कल.

माझी जुनी विद्यार्थिनी प्राजक्ता नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात उत्पादन सांभाळते. एका औषधाच्या आधीची पायरी तिथं तयार होते, आणि त्यासाठी एका टाकीत ब्रोमीन हे जहाल रसायन वापरतात. मालाला मागणी वाढली म्हणून मालक तसलीच दुसरी टाकी घेणार होते. प्राजक्तानं भीत भीत माझं नाव सुचवलं. मालकांनी तीन दिवस दिले. शनिवारी चार वाजता टाकीवाला ऑर्डरचा कागद घेऊन येणार होता. त्याआधी दिव्यानं माल करून दाखवायचा, नाहीतर गोधडी गुंडाळून परत.

गुरुवार

शटरच्या आत पाऊल टाकलं आणि नाकात तिखटाची पूड गेल्यासारखं झालं. डोळे आपोआप मिटले. माझ्या प्रयोगशाळेतही ब्रोमीन आहे, पण ते काचेच्या कपाटात, पंख्याखाली, थेंबांनी मोजायचं. इथं ते हवेतच राहत होतं. धुराडं होतं, पंखे होते, नियमाप्रमाणे सगळं होतं, तरी होतंच.

टाकीजवळ पन्नाशीचा एक उंच माणूस उभा होता. तोंडावर कंपनीचा मास्क, त्यावरून ओला पंचा. हे भानुदासमामा, या टाकीवर एकोणीस वर्षं. त्यांनी पंचा खाली करून नमस्कार केला, माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि टेबल पुसून त्यावर पोतं अंथरलं. माझ्या नळीला कोल्हापूरपासून इतका मान कुणी दिला नव्हता.

एक वाजता सगळे आत पत्र्याच्या खोलीत डबे उघडून बसले. मामा मात्र डबा घेऊन फाटकापाशी लिंबाखाली गेले. मला वाटलं, रुसलेत की काय. मी मागोमाग गेले.

"आत भाकरी कडू लागती, मॅडम," ते म्हणाले. "एकोनीस वर्सांत आत घास खाल्ला न्हाई."

"इथं लागते का चांगली?"

"हितं बी चव कळत न्हाई. पन कडू तरी लागत न्हाई. पोट भरायचं म्हनून खायचं." एवढं बोलून त्यांना खोकला आला तो बराच वेळ थांबेना.

संध्याकाळी नगरच्या सावेडी भागात लॉजवर सोडताना प्राजक्तानं उरलेलं सांगितलं. डॉक्टरांनी मामांना त्या धुरातून बाहेर पडा म्हणून दोनदा बजावलंय. मालक वाईट नाहीत. दिव्याचं जमलं तर मामांना दिव्यावर घ्यायचं त्यांनी कबूल केलंय. पण दुसरी टाकी आली तर दोन्ही टाक्यांना धडधाकट माणसं लागणार, आणि मग मामांना घरी बसावं लागणार.

"हे तू मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आला नसता, मॅडम. टेन्शन घेतलं असतं."

पोरगी मला चांगलीच ओळखून होती. मी माझ्या आठ वर्षांची काळजी करत आले होते, आणि इथं माझ्या नळीत दुसऱ्याच माणसाचा श्वास अडकला होता. रात्री पंखा गरम हवा फेकत राहिला आणि मला झोप आली नाही.

शुक्रवार

यंत्र अगदी साधं आहे. मधोमध काचेचं वेटोळं, त्यातून कच्चा माल आणि हवा फिरते. वेटोळ्याभोवती पारदर्शक ॲक्रिलिकचा नळकांडा, त्यात थंड पाणी खेळतं. नळकांड्याच्या बाहेर निळे दिवे, आणि सगळ्यावर दार असलेली पत्र्याची पेटी, म्हणजे उजेड बाहेर सांडत नाही. पाणी मागच्या भिंतीपलीकडच्या झाकणाच्या ड्रमातून पंपानं येतं. ड्रम भरायचं काम मामांनी घेतलं. नेमका तेव्हाच कॉलेजातून फोन आला आणि मी फाटकापाशी जाऊन दहा मिनिटं कुणाच्या तरी रजेवर भांडले.

परत येऊन मी नियम सांगितले. निळा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून पेटीजवळ येणाऱ्या प्रत्येकानं नारिंगी चष्मा लावायचा. काढायचा नाही, कपाळावर चढवायचा नाही. एका कामगारानं चढवला तर मी अशी ओरडले की शेजारच्या गाळ्यातून माणूस पाहायला आला. शिस्तीच्या बाबतीत मी आमच्या वडिलांवर गेले आहे, आणि ते पैलवान होते.

दहा वाजता बटण दाबलं. पेटीच्या फटींतून उजेडाच्या रेघा भिंतीवर पडल्या. मामा हात जोडून उभे होते. कोल्हापुरात हीच क्रिया तीन तासांत उरकते. दर अर्ध्या तासानं नळीच्या तोंडाशी थेंब काढायचा, तो पट्टीवर टाकायचा आणि पट्टीवर दोन ठिपके पाहायचे, एक कच्च्या मालाचा, एक पक्क्याचा. कच्चा ठिपका पुसत गेला पाहिजे. आणि पक्का माल तयार व्हायला लागला की बडीशेपेसारखा गोड वास येतो, त्याला पट्टीही लागत नाही.

एक वाजला. कच्चा ठिपका ठणठणीत. तीन वाजले. पक्क्याचा ठिपका आला, पण आजारातून उठल्यासारखा. बडीशेपेचा पत्ता नाही. पाच वाजता हिशेब केला तर जेमतेम तिसरा हिस्सा माल झाला होता, आणि तिथंच गाडं अडलं होतं.

मी पंप तपासला, हवा तपासली, दिव्यांचा करंट तपासला. सगळं ठीक. मग माणसाचं होतं तेच माझं झालं. "कच्चा माल बदललास का तू? खरं सांग," मी प्राजक्तावर घसरले. तिचे डोळे भरले. "तुमच्याच पत्त्यावर नमुना पाठवला होता, त्याच पोत्यातला आहे," ती म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. पेटी न उघडताच बटण बंद केलं आणि चष्मा टेबलावर आपटला.

मामा मध्ये पडले. "मॅडम, आज आमच्याकडं चला जेवायला. मंडळीनं सैपाक केलाय. डोकं गार हुईल."

त्याच संध्याकाळी, हिवरे बाजार

मामांचं गाव अर्ध्या तासावर. वाटेत माळ तपकिरी होता आणि गाव आल्यावर डोंगराच्या उतारावर झाडी दिसायला लागली. ग्रामसभेत दरवर्षी विहिरींच्या पाण्याचा हिशेब मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. ऊस नाही, शेतीला बोअर नाही.

"ऊस नाही म्हणजे?" मी विचारलं. कोल्हापूरच्या माणसाला हे म्हणजे भात नाही म्हणाल्यासारखं.

"ठरलंय न्हाई म्हनून न्हाई," मामा म्हणाले. "पानी सगळ्यांचं हाय."

शेजारच्या शेतात नवी पाइपलाइन सुरू होत होती. पाण्याची पहिली धार आली तशी त्या घरातली म्हातारी पुढं झाली, धारेवर हळदकुंकू वाहिलं, फूल सोडलं, मग बाकीच्यांनी हात धुतले. मामा म्हणाले, "नवं पानी आलं का आधी हळदकुकू. मंगच वापरायचं."

मी चेष्टेनं म्हटलं, "आमच्याकडं उलटं. पूर दारात आला की ओटी भरतो आणि म्हणतो, जा बाई आता." सगळे हसले. मामांचं बोलणं मी ऐकलं, हसले आणि विसरले. ज्या बाईनं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, तिनं ते विसरायला नको होतं.

मामांच्या मंडळींनी, शकुंतलाकाकूंनी, हुलग्याच्या पिठाची, वळून रश्श्यात शिजवलेली शेंगोळी केली होती, सोबत ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. शेंगोळी अशी झणझणीत की तांबड्या रश्श्याचा माझा अभिमान तिथल्या तिथं वितळला. मी तोंड भरून कौतुक केलं. काकू मामांकडं बघून म्हणाल्या, "तुमी तरी सांगता. ह्यांच्या म्होरं काय बी ठिवा. मीठ इसरलं तरी कळत न्हाई. कवाधरनं जीभच गेलीया."

मामा मान खाली घालून जेवत राहिले.

शनिवार

सकाळी नऊला सुरू केलं. नवा कच्चा माल, नवा उत्प्रेरक, पाणी कालचंच. अकराला पट्टी पाहिली आणि काल होतं तेच. प्राजक्ता माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मालक एकदा दारात येऊन घड्याळ तेवढं पाहून गेले. पाच तास उरले होते आणि मला काहीएक सुचत नव्हतं.

सव्वाअकराला लाईट गेली. दिवे विझले, पंपही थांबला. पाणी थांबलं की वेटोळं तापणार, म्हणून मी धावत जाऊन पेटीचं दार उघडलं. दिवे बंदच होते म्हणून चष्मा काढला, शटर वर करायला लावलं. बाहेरचं ऊन थेट पेटीत पडलं.

नळकांडा पिवळा होता. आतलं पाणी पिवळं, ॲक्रिलिकच्या आतल्या अंगाला पिवळा थर, तळाशी झेंडूची पाकळी.

कालपासूनचं सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. हळद पिवळी दिसते कारण ती निळा उजेड खाते. आमचा उत्प्रेरकही पिवळा, तोही निळा उजेडच खातो. दोघांचं ताट एक, आणि हळद दाराशी बसलेली. ती जेवून उरेल तेवढंच आत जात होतं.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

मग मामा पुढं आले. "म्या टाकली हळद. डरमात. तुमी फोनवर हुता. पानी नवं हुतं. म्हनलं, काम चांगलं व्हावं."

मी जे बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हणाले, "एकोणीस वर्षं कारखान्यात काढली तुम्ही, आणि अक्कल गावातच ठेवून येता का?"

मामांनी गळ्यात लटकलेला नारिंगी चष्मा काढला, पंच्यानं पुसला आणि टेबलावर नीट ठेवला. कामावरून काढलेला माणूस चाव्या ठेवतो तसा. मी त्या चष्म्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या चष्म्याकडं. डोळ्याला लावला. नळकांड्याचा पिवळेपणा दिसेनासा झाला. नारिंगी काचेतून पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. दोन दिवस मी दहा माणसांच्या डोळ्यांवर हा चष्मा ठेवून पहारा देत होते आणि त्याच्याआडून हळद माझ्या नाकासमोर बसली होती.

मला लाज वाटली. "मामा, चुकलं माझं," मी म्हटलं. "तुम्ही न विचारता टाकलीत, आणि मी न बघता दोन दिवस फुकट घालवले. आता हे स्वच्छ कसं करायचं ते बघू."

पाणी उपसायला घेतलं. ते गटारात जाऊ दिलं नाही मामांनी, बादल्या भरून लिंबाच्या बुडात ओतलं. थर मात्र निघेना. एकानं घाईत साबण लावला तर पिवळा थर लालभडक झाला. हळदीला साबण लागला की लाल, हे घराघरात माहीत असतं, तरी त्या वेळी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्राजक्ता ॲसिटोनची बाटली घेऊन आली. मी तिचा हात धरला. ॲसिटोननं हळद गेली असती, आणि ॲक्रिलिकला तडे जाऊन नळकांडाही गेला असता. स्पिरिटचं तेच. दुसरा नळकांडा कोल्हापुरात. साडेअकरा वाजून गेले होते.

"उनात ठिवू या का?" मामा हळूच म्हणाले. "माज्या सदऱ्यावर कालवन सांडलं का मंडळी उनातच टाकती. डाग आपसूक जातो."

हळदीचा रंग उजेडानं मोडतो. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते, हशा मिळतो म्हणून कालवणाचंच उदाहरण देते, आणि गरज पडली तेव्हा मला बाटल्याच आठवल्या.

साबण खळखळून धुतला, थर पुन्हा पिवळा झाला. नळकांडा अंगणात पोत्यावर आडवा ठेवला. नगरचं एप्रिलचं ऊन म्हणजे उभं राहवत नाही. मामा दर दहा मिनिटांनी येऊन, भाकरी फिरवावी तसा तो जरासा फिरवायचे. बाराला पिवळा होता. साडेबाराला फिका झाला. एकला मला वाटायला लागलं की गेला, पण ते माझं वाटणंच असेल म्हणून मी प्राजक्ताला विचारलं. ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "गेला, मॅडम."

लाईट मात्र आली नव्हती. कधी येईल कुणी सांगेना. जनरेटर होता, पण तो जुन्या टाकीच्या पंख्यांना आणि पंपांना, ते थांबवता येत नव्हते. माझे दिवे त्यावर चालण्यासारखे नव्हते.

"लहान पंप चालेल?" मी विचारलं.

"तेवढा चालेल," प्राजक्ता म्हणाली.

मग आम्ही सगळं अंगणातच मांडलं. ऑफिसातले पिण्याच्या पाण्याचे जार आणून ड्रम भरला. या वेळी मामांनी झाकण लावायच्या आधी मला बोलावलं, "बघून घ्या, मॅडम." मी बघून घेतलं. निळा दिवा नव्हता, पण उन्हात निळा उजेड असतोच, आणि डोक्यावर सूर्य होता. दीड वाजता वेटोळ्यातून माल फिरायला लागला.

जेवण कुणाला सुचलं नाही. अडीचला पट्टी पाहिली. कच्चा ठिपका फिकट झाला होता. तीनला एक ढग आला, चिमूटभर, तरी आम्ही सगळे माना वर करून त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. तो गेला. साडेतीनला मामांनी पंचा खाली केला आणि हवेत नाक वर केलं. "बडीशोप," ते म्हणाले. जीभ गेली तरी नाक शाबूत होतं. मी पुढं वाकले. अगदी बारीक, गोड. मला रडू आलं, आणि घामात ते खपून गेलं.

चारला मालक आले, बरोबर टाकीवाला. ठिपके दाखवणाऱ्या बॅटरीवरच्या लहान दिव्याखाली मी पट्टी धरली. पक्क्या मालाचा ठिपका ठसठशीत, कच्च्याच्या जागी काही नाही. मालकांनी पट्टी उलटसुलट पाहिली, अंगणातली ती लग्नघरासारखी मांडामांड पाहिली.

"उन्हावर कारखाना चालत नाही, मॅडम. पावसाळ्यात काय करायचं?"

"पावसाळ्यासाठी दिवे आहेत. काल ते चालले नाहीत ती चूक माझी होती. दिव्याचा दोष नाही."

मी हळदीचं नाव काढलं नाही. मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं, मी मान हलवली. मालकांनी पट्टी माझ्या हातात परत दिली. मग टाकीवाल्याला म्हणाले, "महिनाभर थांबा." आणि मामांना म्हणाले, "महिनाभर दिव्यावर चालवून दाखव. कमी पडलं तर मी टाकी घेणार. मग माझ्यावर राग धरू नकोस."

"न्हाई धरनार," मामा म्हणाले.

रविवारी मी वेटोळं, नळकांडा, पेटी सगळं तिथंच ठेवून निघाले. रिकाम्या गोधडीची घडी मांडीवर होती. शकुंतलाकाकूंनी शेंगोळीचं पीठ दिलं होतं आणि वर चिठ्ठीवर कृती, मिठाच्या पुढं नुसतं 'अंदाजानं' असं लिहिलेलं.

महिना मी कसा काढला ते घरच्यांना विचारा. मेच्या शेवटी एका दुपारी प्राजक्ताचा फोन आला. जुनी टाकी पंधरा दिवसांपासून बंद आहे, म्हणाली, आणि दुसऱ्या टाकीची ऑर्डर मालकांनी सकाळी रद्द केली. मी खुर्चीत बसले. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मॅडम, आज एक वाजता मी आत आले, तर मामा पेटीजवळ पोतं टाकून बसले होते. डबा उघडून. आत."

"जेवले?"

"जेवले. पहिला घास खाल्ला आणि थांबले. मला वाटलं, कडू लागली. मी घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणाले, 'घरी फोन लाव. कालवनात मीठ कमी हाय.'"